विमलअक्कांचे शॉकअप

लोकांच्या फ्रिजमध्ये उन्हाळ्यात ताक असतं, पन्हं असतं, फार तर घरातल्या कुणाची इन्सुलिनची बाटली असते. आमच्या शेजारच्या विमलअक्कांच्या फ्रिजमध्ये मोटरसायकलचा शॉकअप असायचा. स्वच्छ पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, भाजीच्या कप्प्यावर आडवा ठेवलेला. बुद्धपौर्णिमेला अक्कांकडून सगळ्या कॉलनीला खीर जायची. एका वर्षी माझी बायको सुनंदा वाढायला मदत म्हणून गेली आणि दूध काढायला तिनं फ्रिज उघडला, तर दुधाच्या पिशव्यांना टेकून हा लोखंडी पाहुणा झोपलेला. तिनं विचारलं, हे काय आणि?

"थंडीत कसा वागतो ते बघतेय," अक्का खीर ढवळता ढवळता म्हणाल्या. "त्याचा जोडीदार गच्चीवर ठेवलाय, उन्हात."

एवढ्यानं आपलं समाधान झालं असेल असं गृहीत धरून त्यांनी वेलदोडे मागितले.

विमलअक्का तायडे सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. उंची बेताची, केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि चाल अशी, की मागून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत येतंय आणि ह्यांना रस्ता मोकळा करायचाय. आम्ही जळगावच्या त्या कॉलनीत राहायला गेलो तेव्हा त्या चहाचा थर्मास घेऊन आल्या. मी नमस्कार केला, तर माझ्या चेहऱ्याकडे न बघता त्यांनी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला नजर टाकली आणि म्हणाल्या, "शीर छान आहे तुमची. एका झटक्यात सापडेल." पुढे कळलं, की ही त्यांची लोकांना ओळखण्याची पद्धत होती. कुणाचं नाव विसरतील, शीर विसरणार नाहीत. माझ्या सासऱ्यांविषयी त्या कायम "ते घरंगळणाऱ्या शिरेचे" असं म्हणत.

त्यांचे यजमान दामोदर तायडे, सगळ्या कॉलनीचे भाऊ. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. सकाळी सातला त्यांच्या शर्टाला इस्त्री आणि मिशीला आकार असे. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे धुळ्याला दिलेली त्यांची लेक कल्पना, आणि दुसरी त्यांची फटफटी. नोकरी लागल्यावर घेतलेली, काळीभोर, टाकीवर सोनेरी रेघा. रस्त्यावरून गेली की घरातल्या मांडणीवरचे पेले हलत. भाऊ तिला रोज पुसत, तिच्याशी बोलत. यंत्रातलं मात्र त्यांना काहीही कळत नसे. पाना कुठल्या हातात धरायचा हेही त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. कुणी गाडीची चौकशी केली, की मान किंचित वर करून म्हणायचे, "लोण्यासारखी चालते."

ह्या लोण्यावर मागच्या सीटला, एका बाजूला पाय टाकून, मांडीवर पिशवी घेऊन विमलअक्का बसत आल्या होत्या. दवाखान्याच्या पाळ्या, पहूरचं माहेर, भुसावळची लग्नं, धुळ्याची लेक, सगळं त्याच सीटवरून. निवृत्तीनंतर त्यांची कंबर बोलू लागली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, पट्टा दिला, धक्के टाळा म्हणून सांगितलं. अक्कांनी पट्टा आठवडाभर बांधला. मग एक दिवस फटफटी अंगणात उभी असताना तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी सीटवर दाब देऊन सोडला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर, बराच वेळ नाचत राहिली.

"दुखणं माझ्यात नाहीच," त्या भाऊंना म्हणाल्या. "हिच्या शॉकअपमध्ये आहे."

भाऊंना हा अपमान वाटला. भाऊ रागावले, की बायकोला नावानं हाक मारत नसत, 'सिस्टर' म्हणत. ते म्हणाले, "सिस्टर, गाडीला काहीही झालेलं नाही. तुमचं वय झालंय."

अक्का वाद घालत नसत. दवाखान्यात त्यांनी इतके डॉक्टर पाहिले होते, की चुकलेल्या माणसाला चूक न सांगता वळणावर आणायची कला त्यांच्या अंगात मुरली होती. त्या रविवारी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. पहूरला भावानं ठेवलेलं तुरीच्या डाळीचं पोतं आणायचंय, भाऊंचा खांदा आखडलाय, तर तुम्ही गाडी चालवा आणि भाऊंना मागे बसवून न्या, असं त्यांनी सांगितलं. भाऊंच्या खांद्याला काही झाल्याचं मला दिसलं नव्हतं. पण फटफटी चालवायला मिळतेय म्हटल्यावर मी चपला शोधायला लागलो. भाऊ कुरकुरले. आपली गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. अक्कांनी त्यांच्या खांद्यावर बोट ठेवून नेमकी कुठली शीर दाबली कोण जाणे, त्यांनी 'आई गं' केलं आणि मुकाट मागे बसले.

तेव्हा पहूरच्या रस्त्याचं काम चालू होतं. काम म्हणजे जुना रस्ता उखडून ठेवलेला होता. मी पुढे होतो, मला हँडल होतं, रस्ता दिसत होता, खड्डा आला की अंग आपोआप सावरत होतं. मागच्याला यातलं काही नसतं. त्याला खड्डा आधी कळत नाही, थेट लागतो. शहर सुटेपर्यंत भाऊ मला गिअर कधी बदलावा याचं मार्गदर्शन करत होते. पुढे ते थांबलं. मग प्रत्येक खड्ड्याला मागून एक अर्धवट शब्द ऐकू येऊ लागला. आधी 'अरे', मग 'हळू', मग नुसतंच 'हं'. शेवटी शेवटी तेही बंद झालं. मला वाटलं, पडले की काय. वळून पाहिलं, तर माझ्या सीटची कड दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसले होते. मिशी एका बाजूनं वाकली होती.

पहूरला पोचल्यावर कळलं, की डाळीचं पोतं कुणी ठेवलेलंच नव्हतं. अक्कांच्या भावालाही काही ठाऊक नव्हतं. त्यांनी चहा दिला. भाऊंनी तो उभ्यानंच घेतला.

परत आलो तेव्हा अक्का दारात उभ्या होत्या. भाऊ सरळ आत गेले, गरम पाण्याची पिशवी घेऊन पलंगावर पालथे पडले. संध्याकाळी मी विचारपूस करायला गेलो, तर तसेच पडून होते आणि अक्का त्यांच्या कमरेला मलम चोळत होत्या. भाऊ उशीत तोंड ठेवूनच म्हणाले, "विमल, एवढी वर्षं तू हे सोसत होतीस?"

"मी काय म्हणते," अक्का म्हणाल्या, "उद्या ते काढून घ्या दोन्ही."

शॉकअप काढून आणले खरे, पण गावातल्या मेकॅनिकनं हात झटकले. आता हे कुणी दुरुस्त करत नाही, फेका आणि नवे बसवा. नवे आणले. ते ह्या गाडीला उंच झाले. मागचा भाग असा वर उचलला गेला, की भाऊंना आपण उतारावरून घसरतोय असं वाटायला लागलं. नवे परत गेले. जुने वर्तमानपत्रावर पडून राहिले. अक्का येता जाता त्यांच्याकडे बघायच्या. मग धुळ्याहून कल्पनाचा फोन आला असताना त्यांनी तिला विचारलं, की ह्या फोनमध्ये म्हणे सगळं दिसतं, तर शॉकअप उघडताना दिसतील का?

दिसले. कुठल्यातरी थंड देशातला एक गोरा म्हातारा आपल्या गॅरेजमध्ये जुने शॉकअप उघडून पुन्हा जुळवायचा. अक्का रोज दुपारी जेवणं झाल्यावर त्याला बघत. त्याची भाषा त्यांना समजत नसे, पण हात समजत. त्याची एकच गोष्ट त्यांना खटकायची. तो तेलाचे हात पँटला पुसायचा. "शिकलेला दिसतो, पण शिस्त नाही," असं त्या म्हणायच्या.

एवढं समजलं, की आजकालचे शॉकअप बंद डबीसारखे असतात, गेले की गेले. जुन्यांचं तसं नाही. ते उघडतात. बाहेर जाड स्प्रिंग, आत एक नळी, नळीत तेल आणि तेलात वरखाली होणारा दांडा. तेल गळू नये म्हणून तोंडाशी रबराचं सील. भाऊंच्या शॉकअपमधलं सील कधीच कडक होऊन चिरलं होतं, तेल गळून गेलं होतं आणि नुसत्या स्प्रिंगवर गाडी उड्या मारत होती. अक्का मला समजावून सांगत, "स्प्रिंगचं काम उसळायचं. तिला दुसरं येत नाही. तिला आवरायचं काम तेलाचं."

पहिली शस्त्रक्रिया स्वयंपाकघरात, ओट्यावर झाली. हा शब्द माझा नाही, भाऊंचा. अक्कांनी पांढरं फडकं अंथरलं, उभ्या कडांचा इनॅमलचा ट्रे ठेवला, चिमटे, कापूस, गॉज मांडलं. हात कोपरापर्यंत धुतले. एकेक भाग काढून त्या ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे ठेवत होत्या. अडचण एकच होती. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय तिच्या वरच्या टोकाला असलेल्या अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन चकत्या निघत नाहीत. गोऱ्या म्हाताऱ्याकडे त्यासाठी यंत्र होतं. अक्कांकडे भाऊ होते. भाऊंनी स्टुलावर चढून, दोन्ही हातांनी आणि उरलेल्या वजनानं स्प्रिंग दाबली. अक्कांनी चिमट्यानं एक चकती काढली. दुसरी काढताना भाऊंना शिंक आली.

मी तेव्हा आमच्या गच्चीवर होतो. सुनंदानं ज्वारीचे बिबडे वाळत घातले होते, त्यांच्यावरचे कावळे हाकलायचं काम माझ्याकडे होतं. आधी 'टण्ण' असा आवाज आला, मग शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काहीतरी चमकत वर आलं आणि ओल्या बिबड्यांत कुठेतरी बुडालं. स्प्रिंग छताला आपटून डब्यांच्या फळीवर गेली होती. सुदैवानं कुणाला लागलं नाही. भाऊ स्टुलावरून उतरून ओट्याखाली बसले होते. अक्का मात्र खिडकीतून डोकं काढून शांतपणे मला म्हणाल्या, "चकती तुमच्याकडे आली का बघा. दोनच असतात."

आम्ही बिबडे एकेक करून उलटवून ती शोधली. त्यानंतर अक्कांनी वेल्डरकडून दोन लोखंडी पट्ट्या आणि दोन लांब बोल्ट करून घेतले. पट्ट्यांमध्ये स्प्रिंग अडकवायची आणि बोल्ट आवळत न्यायचे, म्हणजे ती मुकाट दबत जाते.

सील मिळवण्यासाठी अक्का डबीत जुनं सील घालून भुसावळपर्यंत गेल्या. अखेर ते पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मिळालं. तेल त्या इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं मोजून भरत. भरलं की दांडा अगदी सावकाश वरखाली करून आतली हवा काढत. ते करताना त्यांचा चेहरा, पेशंटला सुई लावताना असतो तसा, म्हणजे जगातलं बाकी सगळं बंद. मग शॉकअप जमिनीवर उभा करून तळहातानं दाबायचा आणि सोडायचा. झटकन वर आला तर नापास. सुस्कारा टाकत आला तर पास.

पण ह्या गावचं हवामान कुणाला दाद देत नाही. मे महिन्यात इथं तेलाचं पाणी होतं आणि पौषातल्या पहाटे तेच तेल काकवीसारखं घट्ट बसतं. पहिल्या हिवाळ्यात भाऊ सकाळी दूध आणायला निघाले आणि गाडी दगडासारखी ताठ. म्हणून ते फ्रिज आणि गच्चीचं प्रकरण. वेगवेगळी तेलं मिसळून, गार करून, तापवून, अक्कांनी आपलं एक मिश्रण ठरवलं. ते त्या कुणालाही सांगायला तयार असत, फक्त ऐकणाऱ्याला धीर लागे.

भाऊंची गाडी सुधारली आणि भाऊ पुन्हा बोलायला लागले. आता 'लोण्यासारखी चालते' याच्या पुढे 'आमच्या मिसेसनी केलंय' अशी जोड आली. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक जग असतं, त्यात बातमी पसरली. यावलहून, चोपड्याहून, धुळ्याहून लोक पिशवीत शॉकअप घालून यायला लागले. कुणी केळीची फणी आणी, कुणी असोद्याची भरताची वांगी. अक्का आल्यागेल्याला गाडी कुठली, कुठल्या सालची, असलं काही विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच, "मागे कोण बसतं?"

लोक गोंधळत. बायको बसते, म्हणत. मग अक्कांचे पुढचे प्रश्न सुरू होत. वजन किती, एका बाजूला बसते की दोन्हीकडे पाय टाकून, मांडीवर पोर असतं का, कंबर दुखते का, बाळंतपण कसं झालं. गाडीच्या मालकाला यातलं निम्मं ठाऊक नसे. मग त्या म्हणत, तिलाच घेऊन या. आणि ती बाई खरंच आली, की तिला आत बसवून अर्धा तास बोलत. बाहेर नवरे आणि शॉकअप ताटकळत.

एकदा महामार्गावरच्या एका हॉटेलाचे मालक आले. त्यांनी जुनी मोटरसायकल चकचकीत करून काउंटरशेजारी ठेवायचं ठरवलं होतं. अक्कांनी विचारलं, मागे कोण बसतं? ते म्हणाले, कुणीच नाही, ती शोभेला उभी राहणार. "मग शॉकअप कशाला?" अक्का म्हणाल्या. "खाली विटा लावा." आणि त्यांना चहा दिला. गृहस्थ चहा पिऊन गेले. जाताना बराच वेळ आमच्या फाटकाशी उभे होते, बहुधा आपला अपमान झाला की सल्ला मिळाला हे ठरवत असावेत.

शिंदखेड्याहून आलेला धनराज मात्र अक्कांचा लाडका. पन्नाशीचा, कांद्याची शेती करणारा, अघळपघळ माणूस. वडिलांची फटफटी त्यानं चालू ठेवली होती. दारातूनच म्हणाला, "अक्का, मनी माय मांगे बठस. खड्डा ऊना का माले शिव्या देस."

अक्कांनी सांगितलं, आईला घेऊन ये. पुढच्या आठवड्यात तो आईला घेऊन आला, तीही त्याच गाडीवर बसवून. ऐंशीच्या घरातली, वाळक्या शेंगेसारखी म्हातारी. उतरल्या उतरल्या तिनं अक्कांचा हात धरला आणि लेकाकडे बोट दाखवून विचारलं, "हाऊ गाडी हाकस का नांगर?" दोघींचं जमलं. वजन इतकं हलकं, की साधा हिशेब चालणार नव्हता. अक्कांनी तिच्यासाठी तेल पातळ केलं, स्प्रिंगही कुठूनतरी नरम मिळवली. शॉकअप बसवल्यावर धनराज तिला घेऊन आमच्या कॉलनीच्या मागच्या फुटक्या रस्त्यावर एक फेरी मारून आला. म्हातारी गाडीवरूनच नवलानं आजूबाजूला बघत म्हणाली, "रस्ता नवा व्हयना का?"

अक्कांना एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसावे लागले त्यांना.

नंतरच्या पावसाळ्यात मला एक गोष्ट दिसली. मी आणि सुनंदा त्यांच्या ओट्यापाशी उभे राहून गप्पा मारत होतो. अक्कांनी चिमट्यात चकती धरली आणि ती ट्रेमध्ये पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि उजवा हात पदराखाली घेतला. सुनंदाशी वांगी महाग झाल्याविषयी बोलत राहिल्या. त्यानंतर शॉकअप घेऊन येणाऱ्यांना त्या म्हणायला लागल्या, सध्या सील मिळत नाही, सध्या तेल संपलंय. धनराजचा फोन आला, तर त्यालाही तेच सांगितलं. एका दुपारी इनॅमलचा ट्रे धुऊन माळ्यावर गेला.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला तेव्हा त्या चकित झाल्या नाहीत. निदान त्यांनी आधीच केलेलं होतं. भाऊंना मात्र काही कल्पना नव्हती. एवढ्या दिवसांत आपल्याला हे दिसलं कसं नाही, असं ते माझ्याजवळ पुन्हा पुन्हा बोलून दाखवत. फटफटी पुसायचं त्यांनी सोडलं. दोघं अंगणात दोन खुर्च्यांवर बसलेले दिसत. अक्कांचा हात मांडीवर आपला आपण हलत असे, आणि भाऊ दुसरीकडे बघत.

मग एकदा भाऊंनी कुणाला न सांगता शिंदखेड्याला फोन लावला. दोन दिवसांनी धनराज पिशवी घेऊन हजर. अक्का त्याच्यावर रागावल्या. तेवढ्यात भाऊ माळ्यावर चढून ट्रे घेऊन आले. शर्टाच्या बाह्या दुमडून त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले आणि ओट्यापाशी उभे राहिले.

"तू सांग," ते म्हणाले. "मी करतो."

"तुम्हाला पाना धरता येत नाही."

"तुला तरी कुठे येत होता?"

अक्का स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "आधी फडकं अंथरा."

त्या दिवशी भाऊंनी सील उलटं बसवलं, तेल ओट्यावर सांडलं आणि नळीचं झाकण वाकडं आवळलं. अक्कांनी त्यांना नव्या शिकाऊ नर्सला बोलतात तसं बोलून घेतलं. मधेच भाऊ म्हणाले, "बरं सिस्टर," आणि ह्या खेपेला त्यात राग नव्हता. तो शॉकअप आठवड्यात गळायला लागला. धनराज तो घेऊन परत आला, तक्रार न करता. पुन्हा उघडला. दुसऱ्यांदा जमला. अक्कांनी दांडा दाबायला हात पुढे केला, हात हलत होता, म्हणून भाऊंनी वरून आपला तळहात ठेवला आणि दोघांनी मिळून तो खाली नेला. सोडल्यावर तो सुस्कारा टाकत वर आला. भाऊंनी लगेच मिशीला हात लावला. मिशीला तेल लागलं.

त्यानंतर त्यांच्या घरातून रोज दुपारी भांडणाचे आवाज येऊ लागले, आणि सुनंदाला व मला बरं वाटायला लागलं. पलीकडून अक्कांचा आवाज यायचा, "चकती डावीकडे ठेवा म्हटलं ना," आणि त्यावर भाऊंचं काहीतरी पुटपुटणं. येणाऱ्यांची संख्या कमी झाली होती, एक शॉकअप उरकायला आठवडा लागायचा. घाई असलेल्याला अक्का परत पाठवत. 'मागे कोण बसतं' हे विचारण्याचं काम आता भाऊंकडे आलं होतं. बाळंतपणाचा प्रश्न मात्र ते गाळत.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. सामान निघालं त्या सकाळी अक्कांनी पुन्हा थर्मास आणला. या वेळी तो भाऊंनी धरला होता. कल्पनाकडे आलो की येऊ तुमच्याकडे, असं दोघं म्हणाले. पण येणं झालं नाही. मीही दोनदा जळगावला जाऊन घाईत परत आलो. फोनवर कल्पनाकडून कळायचं, की आईचं चालणं मंद झालंय, बाबांना ती गाडी आता नको म्हणून सांगतोय, धुळ्याला येताना तरी एसटीनं या, पण ऐकतील तर शपथ.

गेल्या माघातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला मी धुळ्यात पारोळा चौफुलीपाशी रस्ता ओलांडायला उभा होतो. मालमोटारी, रिक्षा, उसाची गाडी, सगळे एकमेकांत अडकले होते. त्या गोंगाटातून तो ओळखीचा आवाज आला. बघतो तर भाऊ. कडक इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, मफलर, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शोभेल इतक्या सावकाश गाडी चालवत होते. एक रुंद शाल दोघांच्या कमरेभोवती घेऊन पुढे घट्ट गाठ मारलेली होती. मागे विमलअक्का, आता दोन्हीकडे पाय टाकून, पंजाबी ड्रेसमध्ये. मी हात वर केला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

चौफुलीवरचा तो मोठा खड्डा धुळ्यात सगळ्यांना माहीत आहे. भाऊंचं पुढचं चाक त्यात गेलं, मागोमाग मागचं गेलं. गाडी खाली बसली आणि सावकाश वर आली. भाऊंच्या पाठीवर गाल टेकून अक्का गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चष्मा स्वेटरला अडकून तिरपा झालेला. पापणीसुद्धा हलली नाही.

मी हात खाली घेतला. भाऊंनी मला पाहिलं. दोन्ही हात हँडलवर होते, म्हणून त्यांनी नुसती मान किंचित वर केली, आणि वाट मिळताच कल्पनाच्या घराकडे वळले.